लांब पायांचा प्राणी : प्रस्तावना

नुकत्याच जन्मलेल्या बाळाची लांबी मोजली, तर तिचा जवळपास दोन तृतीयांश भाग डोके आणि धड यांचा भरतो. पायांच्या वाट्याला उरलेला एक तृतीयांश येतो. तेच मूल अठरा-वीस वर्षांचे झाले की त्याची जवळपास निम्मी उंची पायांची असते. आपण वाढतो ते प्रामुख्याने कमरेखाली. आपला सर्वांत जवळचा नातलग चिंपांझी असा वाढत नाही. प्रौढ चिंपांझीच्या दंडाचे आणि मांडीचे हाड जवळजवळ सारख्याच लांबीचे असते. माणसाच्या मांडीचे हाड शंभर मानले, तर दंडाचे हाड बहात्तरच्या आसपास येते. माणसाच्या उत्क्रांतीची गोष्ट आपण बहुधा मेंदूची, भाषेची आणि हत्यारे घडवणाऱ्या हातांची म्हणून ऐकलेली असते. त्या मेंदूला आणि हातांना आफ्रिकेतून जगभर वाहून नेणारे पाय असे लांब कशामुळे झाले, हा प्रश्न त्या गोष्टीत क्वचितच येतो. या पुस्तकाचा विषय तो प्रश्न आहे.

त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याचा मोह अनेकांना झालेला आहे. पाय लांब झाले ते चालण्यासाठी, असे कोणी सांगतो. धावण्यासाठी, असे दुसरा. उष्ण हवेत अंग थंड राहावे म्हणून, असे तिसरा. प्रत्येकाच्या हाती पुरावा आहे आणि प्रत्येकाचे उत्तर अपुरे आहे. आजच्या कोणत्याही माणसाच्या पायांची लांबी तीन वेगवेगळ्या काळांनी मिळून ठरवलेली असते. लाखो वर्षांच्या चालीने तिचा मूळ आराखडा घडवला. त्या आराखड्यात हजारो वर्षांच्या हवामानाने फेरफार केले. आणि त्या आराखड्यातले प्रत्यक्षात किती उतरणार, हे बालपणीच्या मोजक्या वर्षांतले अन्न आणि आजार ठरवतात. हे तीन काळ एकमेकांपासून वेगळे करून वाचता येणे, हे या विषयातले खरे कसब आहे. पुस्तकाचे तीन भागही त्याच क्रमाने मांडले आहेत.

पहिल्या भागाची सुरुवात इथिओपियाच्या अफार प्रदेशातून होते. 1974 च्या नोव्हेंबरमध्ये डोनाल्ड जोहान्सन आणि टॉम ग्रे यांना हदार येथे एका लहानखुऱ्या मादीचा सांगाडा सापडला. ‘ल्यूसी’ या नावाने ती जगभर ओळखली गेली. ती सुमारे 32 लाख वर्षांपूर्वी जगली आणि तिची उंची साधारण एक मीटर होती. तिच्या मांडीचे हाड सुमारे 28 सेंटीमीटर, तर दंडाचे सुमारे 24. शंभरामागे पंच्याऐंशी हे तिचे प्रमाण चिंपांझी आणि आपण यांच्या बरोबर मध्ये पडते. 1982 मध्ये विल्यम जंगर्स यांनी या आकड्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि दाखवून दिले की तिचे हात आजच्या लहानखुऱ्या माणसाच्या हातांहून फारसे लांब नव्हते. आखूड होते ते पाय. म्हणजे माणूस होताना हात आखडले असे म्हणण्यापेक्षा पाय वाढले असे म्हणणे सत्याच्या जवळचे आहे.

आखूड पायांची ही मंडळी दोन पायांवर मात्र नीट चालत होती. टांझानियातील लाएतोली येथे मेरी लीकी यांच्या पथकाने 1978 साली ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलांची रांग उघडी केली. ती सुमारे 36 लाख 60 हजार वर्षांपूर्वीची आहे, आणि तिच्यात टाच आधी टेकवून अंगठ्याने रेटा देणारी चाल ओळखू येते. दोन पायांवर उभे राहणे आधी आणि पाय लांब होणे पुष्कळ नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. नुसते उभे राहायला लांब पाय लागत नाहीत. ते लागले, ते रोजच्या रोज दूरवर जाण्याची गरज पडल्यावर.

इथे लगेच एक सावधगिरीची सूचना करावी लागते. शरीराचा आकार बदलला की प्रमाणेही बदलतात. 2010 मध्ये योहानेस हेले-सेलासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथिओपियातीलच वोरान्सो-मिल्ले येथील एक सांगाडा जगापुढे मांडला. तो ल्यूसीच्याच जातीचा, पण सुमारे 35 लाख 80 हजार वर्षांपूर्वीचा आणि तिच्याहून पुष्कळच मोठ्या देहाचा होता. त्याच्या पायांविषयी अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष वेगळा होता: ल्यूसीचे पाय आखूड दिसतात त्याचे एक कारण तिचा देहच लहान होता. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर 2003 मध्ये लिआंग बुआ गुहेत सापडलेल्या छोट्या मानवानेही हाच प्रश्न पुन्हा उभा केला. त्याची उंची एक मीटरच्या थोडी वर, मांडीचे हाड ल्यूसीएवढेच आणि पाऊल मात्र मांडीच्या हाडाच्या सत्तर टक्के लांबीचे. आपले पाऊल याच मापाने पंचावन्न टक्क्यांच्या आसपास असते. बेटावर देह लहान होत गेला म्हणून हे पाय असे दिसतात, की आखूड पायांच्या कुठल्या जुन्या पूर्वजाकडून ते आले, हा वाद त्या शोधापासून चालू आहे.

आपल्या ओळखीचे पाय दिसू लागतात ते होमो या प्रजातीत. जॉर्जियातील दमानिसी येथे सुमारे 17 लाख 70 हजार वर्षांपूर्वीचे सांगाडे सापडले. ती माणसे बुटकी होती, त्यांचा मेंदूही लहान होता, पण त्यांच्या पायांचे प्रमाण आपल्याशी जुळते. आफ्रिकेबाहेर पडलेल्या सर्वांत जुन्या माणसांपैकी ही माणसे. दूरचा पल्ला गाठायला त्यांना मोठ्या मेंदूआधी लांब पाय मिळाले होते. केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेस 1984 मध्ये कामोया किमेऊ यांना मिळालेला मुलगा सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या दातांवरून वय आठ-नऊ वर्षांचे ठरते आणि तेवढ्या वयात त्याची उंची दीड मीटरच्या वर गेली होती. सडपातळ बांधा, अरुंद कंबर, लांब पाय: आजही उष्ण, कोरड्या, उघड्या माळरानावर राहणाऱ्या लोकांत आढळतो तसाच हा देह.

मग लांब पायांनी नेमके काय साधते? चालताना आणि धावताना स्नायूंचा बराच जोर अंगाचे वजन पेलून धरण्यात जातो. पाय लांब असला की एका पावलात जास्त अंतर कापले जाते, पाऊल जमिनीवर जास्त वेळ टेकलेले राहते, आणि तोच भार स्नायूंना सावकाश पेलता येतो. घाईने जोर लावणाऱ्या स्नायूंना जास्त ऊर्जा लागते, सावकाश लावणाऱ्यांना कमी. हर्मन पॉन्ट्झर यांनी वेगवेगळ्या प्राण्यांची तुलना करून दाखवले की, कंबरेपासून जमिनीपर्यंतची कामाला येणारी लांबी कळली की त्या प्राण्याच्या चालीचा खर्च बऱ्यापैकी सांगता येतो. 2007 मध्ये मायकेल सोकोल, डेव्हिड रायक्लेन आणि पॉन्ट्झर यांनी चिंपांझींना सरकत्या पट्ट्यावर चालवून त्यांचा प्राणवायूचा वापर मोजला. माणसाच्या चालण्याचा खर्च चिंपांझीपेक्षा सुमारे 75 टक्के कमी निघाला. यात लांबीइतकाच वाटा गुडघा आणि कंबर सरळ ठेवून चालण्याचा आहे. गुडघे वाकवून चालणाऱ्या चिंपांझीला आपल्या पायाची पूर्ण लांबी वापरताच येत नाही.

लांबीची किंमतही मोजावी लागते. लांब पाय प्रत्येक पावलाला पुढे झुलवायचा असतो, आणि त्याचे वजन खालच्या टोकाला असेल तर झुलवणे महाग पडते. माणसाच्या पायाची ठेवण ही अडचण सोडवते. मांस मांडीत आणि पोटरीच्या वरच्या भागात गोळा झाले आहे, खाली घोट्याकडे लांब कंडरा उतरते, पायाची बोटे आखूड झाली आहेत. टाचेची ही कंडरा धावताना ताणली जाते, ऊर्जा साठवते आणि परत देते. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लीबरमन यांनी 2004 मध्ये अशा खुणा एकत्र करून असे मांडले की दूरवर दमाने धावण्याची क्षमता होमो प्रजातीच्या देहाला आकार देत गेली. धावणे आणि चालणे यांपैकी श्रेय कुणाला किती, यावर अजून एकमत झालेले नाही. या पुस्तकात चालण्याचे पारडे जड धरले आहे, कारण आजही कंदमुळे आणि शिकार यांवर जगणाऱ्या समाजांत दिवसाकाठी पायाखाली जाणारे बहुतेक अंतर चालूनच कापले जाते.

हात न लांबता पाय एकटे कसे लांबले, हाही प्रश्न आहे. हात आणि पाय गर्भात जवळजवळ एकाच कार्यक्रमानुसार घडतात, त्यामुळे एकात बदल झाला की दुसऱ्यात होण्याची शक्यता असते. चार पायांवर धावणाऱ्या माकडांत ही सांगड घट्ट आहे. नॅथन यंग आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवले की वानरांत आणि माणसांत ती सैल आहे. नैसर्गिक निवडीला पायांवर स्वतंत्रपणे काम करण्याची मोकळीक तिथे होती. अलीकडे 30 हजारांहून अधिक लोकांच्या क्ष-किरण प्रतिमा संगणकाने मोजून त्यांची जनुकांशी सांगड घालणारे काम 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. हातापायांच्या प्रमाणाशी निगडित जनुकीय भाग आपल्या वंशशाखेत वेगाने बदललेल्या भागांत अपेक्षेहून जास्त आढळले. हाडांना मापे घालणाऱ्यांनी शंभर वर्षांत जे हाताने जुळवले, त्याला जनुकांकडून मिळालेला हा दुजोरा आहे.

दुसरा भाग हवामानाचा. एकाच वजनाच्या कणकेचा उंडा बराच वेळ गरम राहतो, आणि तीच कणीक लाटून केलेली पोळी लगेच निवते. देहाचेही असेच आहे. कार्ल बर्गमन यांनी 1847 मध्ये प्राण्यांच्या आकाराबद्दल आणि जोएल असाफ अॅलन यांनी 1877 मध्ये कान, शेपूट, हातपाय अशा बाहेर आलेल्या अवयवांबद्दल नियम मांडले: थंड प्रदेशात देह जाडजूड आणि अवयव आखूड, उष्ण प्रदेशात उलट. माणसात हा फरक सर्वांत ठळक दिसतो तो गुडघ्याखाली. मांडीच्या हाडाची लांबी शंभर मानली, तर उष्ण आफ्रिकेतील लोकांची नडगी 85 च्या आसपास भरते, उत्तर ध्रुवाजवळच्या सामी लोकांची 79 च्या आसपास. एरिक ट्रिंकॉस यांनी 1981 मध्ये दाखवले की निअँडरथल माणसाची नडगी याच थंडीच्या टोकाला होती.

यातून निघालेली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र निअँडरथलांची नाही. ते यूरोपात असताना आफ्रिकेतून आलेल्या आपल्या पूर्वजांनी हिमयुगाच्या ऐन थंडीत तिथे पाय रोवले, आणि त्यानंतर हजारो वर्षे त्यांच्या नडग्या उष्ण प्रदेशातल्या लोकांसारख्या लांबच राहिल्या. ट्रेंटन हॉलिडे यांच्या अभ्यासाने हे पक्के केले. शिवलेली वस्त्रे, आग आणि निवारा यांनी त्यांच्या अंगावरची थंडी कमी केली, तरी ते कुठून आले हे त्यांची हाडे विसरली नाहीत. हाडांच्या प्रमाणात आजच्या हवामानाबरोबर कालचे स्थलांतरही नोंदलेले असते, हा धडा या भागाचा गाभा आहे.

निअँडरथलांच्या आखूड पायांना चालताना दंड भरावा लागत होता. कॅरेन स्ट्यूडेल-नंबर्स आणि मायकेल टिल्कन्स यांनी 2004 मध्ये अंदाज केला की जास्त वजन आणि आखूड पाय यांमुळे त्यांच्या चालण्याचा खर्च समकालीन आधुनिक माणसांपेक्षा सुमारे 30 टक्के जास्त असावा. पुढे 2011 मध्ये रायन हिगिन्स आणि क्रिस्टोफर रफ यांनी याला महत्त्वाची पुस्ती जोडली: चढउताराच्या जमिनीवर आखूड नडगीचे हे नुकसान कमी होते, आणि डोंगराळ भागातल्या खुरांच्या प्राण्यांतही खालचे हाड सपाटीवरच्या भाऊबंदांपेक्षा आखूड आढळते. थंडी आणि डोंगर ही दोन कारणे एकाच हाडावर एकाच दिशेने काम करत असतील, तर त्यांचा वाटा वेगळा काढणे किती अवघड, हे यावरून कळेल.

आणखी एक प्रयोग या भागातल्या प्रत्येक निष्कर्षाजवळ ठेवावा असा आहे. मारिया सेरॅट, डोना किंग आणि ओवेन लव्हजॉय यांनी 2008 मध्ये उंदरांची पिल्ले थंड आणि उबदार खोल्यांत वाढवली. उबेत वाढलेल्यांचे पाय आणि शेपट्या लांब झाल्या. वाढत्या हाडाची कूर्चा नुसत्या ताटलीत ठेवून वेगवेगळ्या तापमानात वाढवली, तरी हेच घडले. म्हणजे हवामानाचा ठसा काही अंशी जनुकांमार्फत उमटतो आणि काही अंशी थेट वाढत्या हाडावर, एकाच आयुष्यात. इथूनच तिसऱ्या भागाचे दार उघडते.

बालपणात पाय धडापेक्षा वेगाने वाढतात. त्यामुळे वाढीला खीळ बसली की तिची सर्वांत मोठी झळ पायांना लागते. अन्न तुटले, जुलाब आणि ताप वारंवार आले, की शरीर आधी मेंदू आणि धडातल्या अवयवांना सांभाळते. जेम्स टॅनर आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये जपानच्या 1957 ते 1977 या वीस वर्षांतील मोजमापांचा अभ्यास केला. त्या काळात तिथली मुले उंच झाली, आणि ती वाढ जवळपास सगळी पायांत होती. जनुके वीस वर्षांत बदलत नाहीत; ताट बदलले होते. बॅरी बोगिन यांनी ग्वाटेमालाच्या यादवीतून निघून अमेरिकेत गेलेल्या माया कुटुंबांच्या मुलांना मोजले. ती ग्वाटेमालात राहिलेल्या माया मुलांपेक्षा सरासरीने सुमारे 11 सेंटीमीटर उंच होती, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा पायांचा होता. ज्यांना पिढ्यानपिढ्या जन्मजात बुटके म्हटले गेले, त्यांच्या पायांनी एका पिढीत त्या शिक्क्याला उत्तर दिले.

हा भाग लिहिताना महाराष्ट्र वारंवार डोळ्यांपुढे येत राहिला, आणि तो येणे योग्यच आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांनी कुंभांत पुरलेल्या लहान मुलांचे सांगाडे मोठ्या संख्येने मिळाले. इसवी सन पूर्व 1000 ते 700 या उत्तर जोर्वे काळात तिथली शेती खालावली, आणि त्या काळातल्या मुलांच्या लांब हाडांत अडखळलेल्या वाढीच्या खुणा अभ्यासकांना दिसल्या. आणि आज? 2019 ते 2021 मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. यांतल्या अनेकांच्या उंचीत राहिलेली तूट पायांच्या हाडांतली आहे. अंगणवाडीच्या भिंतीवरचा उंचीचा तक्ता आणि इनामगावच्या कुंभातले हाड एकाच प्रश्नाला उत्तर देतात: वाढीच्या वर्षांत या मुलाच्या पोटात काय पडले?

एक इशारा प्रस्तावनेतच स्पष्टपणे द्यायला हवा. शरीराच्या प्रमाणांवरून माणसांची उतरंड रचण्याचा उद्योग एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात विज्ञानाच्या नावाने जोरात चालला, आणि त्याने अपार हानी केली. इरावती कर्वे या काळात बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकल्या. कवट्यांच्या असममितीवरच्या त्यांच्या कामातून वंशश्रेष्ठत्वाला आधार मिळावा अशी अपेक्षा होती. मोजमापांनी तो दिला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. पुढे महाराष्ट्रात परतून त्यांनी अनेक समाजांची शरीरमापे घेतली. त्या मापांच्या वापराविषयी आजचा अभ्यासक वेगळे प्रश्न विचारील, पण बर्लिनमधला तो प्रामाणिकपणा या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने अंगी बाणवावा. उष्ण प्रदेशातल्या दिन्का माणसाचे लांब पाय आणि थंड प्रदेशातल्या इनुइट माणसाचे आखूड पाय यांत वरचढ कोणी नाही. दोन्ही देह दोन वेगळ्या भूमींना दिलेली दोन पुरेपूर उत्तरे आहेत. शिवाय कोणत्याही एका समाजात व्यक्तीव्यक्तींतला फरक मोठा असतो, आणि पीटर कॅट्झमार्झिक व विल्यम लेनर्ड यांनी 1998 मध्ये दाखवल्याप्रमाणे आहार सुधारला की हवामान आणि देहाचा संबंधही पूर्वीपेक्षा सैल पडतो.

पुराव्याच्या मर्यादाही वाचकाने सोबत ठेवाव्यात. टांझानियातील ओल्डुवाई येथे 1986 मध्ये मिळालेल्या होमो हॅबिलिसच्या सांगाड्याचे मांडीचे हाड खालून तुटलेले आहे, आणि त्याची पूर्ण लांबी किती धरावी यावर त्याचे पाय माणसासारखे की वानरासारखे हे ठरते. पहिल्या भागात असा अंदाज जिथे आला आहे, तिथे तो अंदाज असल्याचे सांगितले आहे. हाडांची नावे शक्यतो बोलीतलीच वापरली आहेत: मांडी, नडगी, दंड, पाऊल. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला संस्कृत संज्ञा ठाऊक असतातच. या पुस्तकाला त्यांच्याबरोबर शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि जिज्ञासू पालक हेही वाचक हवे आहेत.

पुस्तक वाचून संपवताना वाचकाच्या मनात ल्यूसी आणि तुर्कानाचा मुलगा राहतील अशी आशा आहे. त्याहून मोठी अपेक्षा वेगळी आहे. पूर्वजांची चाल आपण निवडलेली नाही, त्यांनी सोसलेले हवामानही नाही. पायांची लांबी ठरवणाऱ्या तीन काळांपैकी फक्त तिसरा, मुलांच्या वाढीचा, आपल्या हाती आहे, आणि त्याचा परिणाम एका पिढीत मोजून दाखवता येतो हे जपानने आणि माया मुलांनी सिद्ध केले आहे. उत्क्रांतीने माणसाच्या मुलाला लांब पायांचा हक्क दिला आहे. तो हक्क प्रत्येक मुलाला मिळतो की नाही, हे गरोदर आईचे जेवण, स्वच्छ पाणी, वेळेवर मिळणारे औषध आणि रोजचे पोटभर ताट ठरवते. आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे आपली आहे.